तुपाच्या भिंतीचं घर

आमच्या कॉलेजात मारोती मामाच्या शर्टाच्या खिशात पेन कोणी कधी पाहिलेला नाही. तिथं दोन परीक्षानळ्या असतात, बुचं लावलेल्या. एकीत पाणी, दुसरीत करडीचं तेल, आणि दोघींच्या मध्ये पेपरच्या कागदात बांधलेली हळदीची पुडी. सहीची वेळ आली की मामा समोरच्याचा पेन मागून घेतो आणि परत देताना विचारतो, "सायेब, एक मिन्ट हाय का?" ज्यानं भिडेखातर हो म्हटलं तो अडकला.

अडकला म्हणजे पुढची वीस मिनिटं त्याची सुटका नाही. मामा पुडी सोडतो, एक चिमूट हळद पाण्याच्या नळीत टाकतो, एक चिमूट तेलाच्या. दोन्ही नळ्या हलवतो आणि खिडकीतल्या उजेडासमोर धरतो. पाण्यात हळद घडीभर नाचते आणि मग रुसून तळाला जाऊन बसते. वरचं पाणी फिकं ते फिकंच. तेलाला मात्र असा रंग चढतो की बघत राहावं. "हळद एकच, आपल्या हिंगोलीच्या मोंढ्यातली," मामा म्हणतो. "एका घरी रमली, एका घरी न्हाई. काहून?"

समोरचा बिचारा कुठल्यातरी कार्यालयातून कसलीतरी माहिती न्यायला आलेला असतो. त्याला काहून ते सांगता येत नाही. मामाची तशी अपेक्षाही नसते, कारण ते त्यालाच सांगायचं असतं.

मारोती मामा कळमनुरीच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर आहे. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. बरण्यांतले बेडूक आणि झुरळं पुसायची, सूक्ष्मदर्शक मोजून कपाटातून काढायचे आणि मोजून ठेवायचे, एवढी त्याची नोकरी. वय निवृत्तीला टेकलेलं, अंगानं काटक, डोक्यावर टोपी. प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणतात. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते आणि हिंगोलीहून रोज एसटीनं येते. स्टाफरूम आणि प्रयोगशाळा यांच्या मधलं दार लाकूड फुगल्यामुळं कधीच नीट लागत नाही. त्यामुळं मामाचं प्रवचन मी न मागता इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

मामाचं म्हणणं असं. आपलं अंग म्हणजे गाव, आणि पेशी म्हणजे त्यातलं एकेक घर. घराला भिंत आहे, पण ती मातीची नाही की विटांची नाही, तुपाची आहे. पुस्तकात तिला पेशीपटल म्हणतात. मामा त्या शब्दाला नावं ठेवत नाही, फक्त तो वापरत नाही. आता हार्मोन म्हणजे निरोप्या. ग्रंथीतून निघायचं, रक्तातून हिंडायचं आणि नेमक्या घरी निरोप पोचवायचा, हे त्याचं काम. पण निरोप्यांची घराणी दोन. एक तेलात विरघळणारं, एक पाण्यात विरघळणारं. तेलातल्याला तुपाची भिंत ही भिंतच वाटत नाही. तो तिच्यात मिसळून सरळ माजघरात निघतो आणि तिथून देवघरात, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, जाऊन बसतो. घराचा सगळा कारभार तिथून चालतो, तो हा स्वतः हातात घेतो. काम सुरू व्हायला वेळ लागतो, पण एकदा सुरू झालं की पाहुणा लवकर उठत नाही.

पाण्यातल्याचं तसं नाही. तुपाची भिंत त्याला आत घेतच नाही. तो दारात थांबतो आणि कडी वाजवतो. दारावर त्याच्यासाठी एक राखण्या बसवलेला असतो, त्याला ह्याचीच कडी ओळखू येते, दुसऱ्या कोणाची नाही. तो आतल्याला सांगतो, आतला त्याच्या पुढच्याला, आणि बघता बघता सगळ्या घराची धावपळ उडते. निरोप्या मात्र बाहेरच असतो. इथं मामा आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "त्यानं उंबरा वलांडला न्हाई. पन घरात पहा काय चालू हाय."

एवढं झाल्यावर तरी समोरच्यानं उठावं. पण एखादा भोळा माणूस विचारतो, मग तेलातलं बरं का पाण्यातलं? झालं, आणखी दहा मिनिटं. कारण तेलातल्या निरोप्याचीही एक तकलीफ आहे. रक्त म्हणजे पाणीच की, त्यात त्याला मोकळं फिरता येत नाही. त्याला वाहन लागतं. रक्तातली प्रथिनं त्याला पाठीवर घेऊन हिंडतात. "सेनगावच्या जीपगत," मामा समजावतो. "जीप न्हाई तर पाव्हना फाट्यावरच बसून राहिला." पाण्यातला गडी मात्र आपल्या पायानं कुठंही जातो, त्याला फक्त आत घेत नाहीत. कोणाला काही फुकट मिळत नाही, असा मामाचा ह्यातून काढलेला बोध आहे, आणि तो ऐकून मगच माणूस सुटतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेते. हे मामाला कळलं तो दिवस वाईट. त्याचा नेहमीचा प्रश्न आला, "म्याडम, दारातून का भिंतीतून?" मला काय माहीत. गोळी घशातून जाते एवढं मला ठाऊक. मामानं देशमुख सरांना गाठलं. देशमुख सर आमचे जीवशास्त्राचे प्राध्यापक, सज्जन माणूस, मामाला बघून हल्ली वाट बदलतात. सर म्हणाले की त्याची घडण पाण्यातल्यांसारखी आहे, पण वागणं तेलातल्यांसारखं, ते आतच जातं. मामा दोन दिवस ते मनात घोळवत होता. तिसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाला, "पान्याच्या घरी जलमलं आन् तेलाच्या घरी नांदलं. लेकीवानी हाय ते." तेव्हापासून मी गोळी थोड्या आदरानं घेते.

माणसांनाही मामा ह्याच चाळणीतून काढतो. आमचे प्राचार्य पाण्यातले. ते स्टाफरूममध्ये कधी येत नाहीत, दारात उभे राहून एकदा खाकरतात आणि निघून जातात, आणि आत पाच जण रजिस्टरं शोधायला लागतात. मला त्यानं तेलात घातलं. कारण असं की मी कोणाच्याही घरी गेले तरी बैठकीत माझा जीव लागत नाही, दोन मिनिटांत मी स्वयंपाकघरात असते आणि तिसऱ्या मिनिटाला पातेल्यावरचं झाकण माझ्या हातात असतं. हे खरं आहे, मी नाकारत नाही. तरी "म्याडम तेलातल्या" हे शब्द दारापलीकडून पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटलं माझ्या अंगकाठीवर बोलणं चाललंय, आणि मी आठवडाभर मामाशी धड बोलले नाही.

स्वतःला मात्र तो दारातला म्हणवतो, आणि वागतोही तसाच. स्टाफरूमचा चहा मामा उंबऱ्यावर उभा राहून पितो, एक पाय आत, एक बाहेर. मी कितीदा खुर्ची पुढं केली. "ऱ्हाऊ द्या, मी दारातला मानूस," एवढंच उत्तर. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, मग सवय झाली आणि मी खुर्ची देणंच सोडून दिलं.

आता मामाची फजिती सांगायची तर एकदा बाहेरचे परीक्षक प्रात्यक्षिक परीक्षेला आले होते. आमची पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आणि अकरावीला एकदम इंग्रजीच्या विहिरीत पडलेली. तोंडी परीक्षेत एका पोरीला परीक्षकांनी विचारलं, इन्सुलिन पेशीवर काम कसं करतं? पोरगी इंग्रजीत दोन शब्द बोलली, अडकली, आणि मग मराठीत धाडधाड सांगत सुटली. इन्सुलिन पाण्यातलं आहे, तुपाची भिंत त्याला आत घेत नाही, ते दारात कडी वाजवतं, मग आतली माणसं साखरेला वाट करून देतात. आणि सर, ते गोळी म्हणून गिळायची सोय नाही, पोटात गेलं की वरणासारखं पचून जातं. परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे. पोरीनं कोपऱ्यात स्पिरिटचे दिवे पुसत उभ्या असलेल्या मामाकडं बोट दाखवलं.

देशमुख सरांना घाम फुटला. मामाला वाटलं आता नोकरी गेली. परीक्षकांनी त्याला जवळ बोलावलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मामानं सवयीनं विचारलं, "सायेब, एक मिन्ट हाय का?" त्या दिवशी परीक्षा चाळीस मिनिटं उशिरा संपली. पोरीला पूर्ण मार्क मिळाले आणि परीक्षक जाताना हळदीची एक पुडी खिशात घालून गेले. मी म्हटलं फजिती, पण फजिती झाली ती वाट बघत बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या पोटांची.

तर असा हा माणूस. माझ्या लेखी बरीच वर्षं तो एक गमतीचा विषय होता. घरी जेवताना मी त्याची नक्कल करायचे आणि माझा मुलगा हसून लोळायचा. एवढ्या धड्यांतून मामानं हा एकच धडा का धरला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला सलीमभाईंच्या दुकानात.

सलीमभाईंचं मेडिकल कॉलेजच्या समोरच आहे. मामानं त्यांनाही इतकं पिडलंय की ते आता गिऱ्हाइकांना गोळ्या देताना स्वतःहूनच सांगतात, "चाचा, ये दीवारवाली है." एका संध्याकाळी मी माझी गोळी घ्यायला गेले, तर मामा दुकानातून बाहेर पडत होता, काखेत थर्मास धरून. मला बघून त्यानं मान खाली घातली आणि झपझप निघून गेला. एक मिनिट मागितला नाही. मी सलीमभाईंना विचारलं, काय झालं ह्याला?

सलीमभाई घुटमळले. मग हळूच म्हणाले की थर्मासात बर्फ आहे आणि बर्फात इंजेक्शनं. मामाची एकुलती एक मुलगी मनीषा सेनगावला दिलेली आहे, लग्नाला नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. नांदेडच्या डॉक्टरांचा इलाज चालू आहे, मध्ये थांबतो, पुन्हा सुरू होतो. इंजेक्शनं इथं मागवून घेतात आणि मामा रविवारी नेऊन देतो. "पहले मामा दवा का कुछ पूछते नहीं थे मॅडम," सलीमभाई म्हणाले. "बेटी ने एक दिन कुछ पूछ लिया, तब से ये दरवाजा-दीवार चल रहा है."

मला आडपडदा जमत नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत जाऊन मामाला सरळ विचारलं. तो झुरळाची बरणी पुसत होता, पुसतच राहिला. मग सांगायला लागला. मनीषाला लहानपणापासून सुईची भीती. इलाज सुरू झाल्यावर रोज एक सुई, कधी दोन. एका रविवारी तिनं विचारलं, बाबा, ह्याची गोळी काहून न्हाई? मामाला उत्तर आलं नाही. डॉक्टर बोलायचे ते आत, जावयाशी आणि मनीषाशी, घाईघाईत, आणि हा बाहेर बाकावर. मामी तर आधीच गेलेली. मग हा देशमुख सरांच्या तासाला वर्गाच्या दाराशी उभा राहू लागला. तास इंग्रजीत. चार तास ऐकून चार आणे समजलं, उरलेलं पोरांना विचारून विचारून गोळा केलं. हळदीचं मात्र त्याचं स्वतःचं. मामी गेल्यापासून घरी वरणाला फोडणी तोच देतो. एका रात्री तेलात हळद टाकली, ती पसरली, आणि शेजारच्या पाण्याच्या गंजात सांडली ती तळाला बसली. "तवा माझ्या ध्यानात आलं म्याडम," तो म्हणाला. "वरन जळालं त्या दिवशी."

मी विचारलं, मग मनीषाला सांगून झाल्यावर जगाला सांगत का हिंडतोस?

"तिला चुकीचं सांगून चालंल का? समद्यायला सांगून पाहतो. कोन कुठं अडतं ते कळतं. मग तितकं नीट करून रविवारी तिला सांगतो."

मला फार लाज वाटली. ज्या वीस मिनिटांची मी नक्कल करत होते ती ह्या माणसाची रविवारची तयारी होती.  मामानं बरणी खाली ठेवली आणि म्हणाला, "म्याडम, तुमी तेलातल्या. आत जाता. मी गेलो की पोरगी बाहीर येती, 'बरं हाय बाबा' म्हन्ती. बरं हाय का न्हाई ते मला कळत न्हाई. एकडाव येता का संगं?"

त्या रविवारी आम्ही हिंगोलीहून सेनगावच्या जीपमध्ये बसलो. जीपमध्ये माणसं किती होती ते विचारू नका, मी आणि थर्मास दोघंही कोणाच्या तरी मांडीवर होतो. अर्ध्या वाटेत मला तहान लागली. मामाच्या पिशवीत लाल झाकणाची पाण्याची बाटली होती, त्यातून दोन घोट घेतले आणि सहज विचारलं, लेकीच्या घरी जाताना पाणी कशाला सोबत? मामाला माझ्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटलं. लेक दिली त्या घरचं पाणी तिला लेकरू होईस्तोवर बापानं प्यायचं नाही, ही रीत. मला ती ठाऊक होतीच. माझ्या वडिलांनीही पाळली होती. पण माझा मुलगा वर्षाच्या आत झाला, त्यामुळं ती कधी आली आणि कधी गेली ते मला कळलंसुद्धा नव्हतं. "नऊ वर्सं झाली," मामा म्हणाला, "एक घोट घेतला न्हाई." त्याच्या आवाजात अभिमान होता. लेकीच्या घराचा मान त्यानं इतका सांभाळला होता.

मनीषाचं घर छोटं, नीटनेटकं. पुढं ओसरी, तिथं एक बाज. जावई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, तो कोणाच्या तरी शेतात विहिरीवर गेलेला, आणि सासूबाई तुरीच्या शेताकडं. मामा बाजेवर टेकला, मनीषानं त्याच्या हातातून थर्मास घेतला, बरं हाय बाबा म्हणाली, आणि मी आपली सवयीप्रमाणं तिच्या मागोमाग आत. झाकण काढलं. वांग्याची भाजी होती, वर तेलाचा तवंग, त्याला हळदीचा रंग चढलेला. मला हसू आलं आणि तिलाही. म्हणाली, "आता मला बी सैपाक करताना तेच दिसतंय."

पोरगी गोड आहे. बापासारखीच काटक, बोलायला चटपटीत. तिनं थर्मासातली खोकी काढून फ्रीजमध्ये ठेवली आणि मला धडा म्हणून दाखवला, देशमुख सरांपेक्षा बरा. ही दाराची, पोटावर टोचतात, एवढी दुखत नाही. ती दुसरी भिंतीची, तेलात कालवलेली, कमरेत देतात. ती फार दुखते, गाठ येते, मग फडकं गरम करून शेकायचं. बाबानं समजावून सांगितल्यापासून भीती गेली, म्हणाली. काय टोचून राहिले ते कळलं की तितकं दुखत नाही. मला वाटलं, चला, मामाला जाऊन सांगता येईल की पोरगी खरंच बरी आहे.

मग चहा उकळायला ठेवून, माझ्याकडं पाठ करून ती म्हणाली की ह्या खेपेलाही झालं नाही. गुरुवारी कळलं. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिने अंगाला आराम द्या. आजची इंजेक्शनं आणायची गरज नव्हती, पण बाबाला कसं सांगायचं. इतका धडा पाठ केला त्यांनी.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, लोक काही बोलतात का? ती म्हणाली, गल्लीतल्या बाया बोलतात, त्यांचं मनावर घेत नाही. सासूबाई एक शब्द बोलत नाहीत. नवरा चांगला.  चहा उतू जायला लागला, तो मीच उतरवला.

"बाबाची बाटली बघवत न्हाई," ती म्हणाली. "दर रविवारी येतेत. बाजंवर बसतेत. पिशवीतून बाटली काढतेत आन् पेतेत. बोलत काईच न्हाईत. पन मला वाटतं, इचारून राहिले. झालं का? आजून न्हाई का? सुईचं काय न्हाई मॅडम. त्या बाटलीचं लई दुखतंय."

मी ओसरीवर आले. मामा बाजेवर बसला होता आणि नेमका बाटलीचं लाल झाकण फिरवत होता. माझ्याकडं बघून थांबला. डोळ्यांतच प्रश्न होता. मी आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, पण त्या वेळी दोन वाक्यं जुळवताना मला घाम फुटला. त्याच्या शेजारी बसून मी आधी गुरुवारचं सांगितलं. मामानं मान हलवली. त्याला ते बहुतेक थर्मास देतानाच तिच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. मग म्हटलं, "मामा, तिला सुया सोसतात. ही बाटली सोसत नाही."

त्याला आधी समजलं नाही. बाटलीत काही खराबी आहे का म्हणून त्यानं ती उजेडासमोर धरून पाहिली, परीक्षानळी धरतो तशीच. मग हात हळूहळू खाली आला. बराच वेळ तो स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसला. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"म्हंजे मी उंबरा वलांडला न्हाई," तो म्हणाला, "पन घरात..." 

टोपी काढून त्यानं तोंड पुसलं आणि उठला. दार ठेंगणं होतं, वाकून आत गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी मागं जायला नको होतं, पण मी तेलातली, गेलेच. मनीषा ओट्याशी उभी होती. बाबाला आत आलेलं बघून तिच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

"मनू, पानी दे," मामा म्हणाला.

ती जागची हलली नाही. "बाबा, आजून..."

"मला तहान लागली."

तिनं माठातून तांब्या भरला. तो त्याच्या हातात दिला. मामा उभ्याउभ्या, वरून धार धरून, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायला. मग त्यानं बाटलीतलं घरचं पाणी मोरीत ओतलं आणि रिकामी बाटली तिच्यापुढं धरली. म्हणाला, "ही बी भरून दे. जाताना लागंल." आता मात्र पोरगी रडली, आणि रडता रडता बाटली भरली, आणि भरताना हसतही होती, कारण मामानं ओट्यावरची हळदीची बरणी उघडून वास घेतला होता आणि ही कुठल्या दुकानातली, हिला रंग कमी आहे, अशी तक्रार सुरू केली होती. आम्ही तिघांनी तिथंच, ओट्याशी, चहा घेतला. वांग्याची भाजी आणि भाकरीही झाली. जावई आला तेव्हा सासरा स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवताना बघून तो दारातच थबकला.

सोमवारी मधल्या सुट्टीत मामा चहाला आला. नेहमीसारखा उंबऱ्यावर थांबला, मग आत आला आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसला. देशमुख सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. खिशात दोन्ही नळ्या होत्याच, हातात लाल झाकणाची बाटली होती. त्यानं माझ्या ग्लासात थोडं पाणी ओतलं आणि म्हणाला, "सेनगावचं हाय. बघा, गोड हाय का न्हाई."

बोअरचं पाणी, चांगलंच मचूळ होतं. मी ग्लास रिकामा केला आणि आणखी मागितलं.